लांगदॉकचा शेतकरी आणि साऱ्याची नोंदवही : एक ग्रंथपरीक्षण

एमान्युएल ल रुआ लादुरी या फ्रेंच इतिहासकाराचा 'लांगदॉकचे शेतकरी' हा द्विखंडात्मक ग्रंथ १९६६ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९६९ सालीं त्याची संक्षिप्त आवृत्ति निघाली, व तिचें जॉन डे यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९७४ सालीं अमेरिकेंत छापलें गेलें. ग्रंथकाराचा जन्म १९२९ सालीं नॉर्मंडींत झाला. १९५० नंतरच्या दशकांत तो माँपेलिए येथें अध्यापक होता, व त्या मुक्कामांतच या ग्रंथाची सामग्री त्यानें जमविली. २०२३ सालीं तो निवर्तला. आपल्याकडील बहुतेक वाचकांस हा ग्रंथ इंग्रजी भाषांतराच्या द्वारेंच परिचित असतो. व त्या आवृत्तींत मूळांतील आधारसामग्रीचा बराच भाग गाळलेला असल्यामुळें ग्रंथकाराचे सिद्धांत तेवढे डोळ्यांपुढें राहतात, त्यांचा पाया दृष्टीआड होतो.

इतक्या वर्षांनंतर या ग्रंथाचें परीक्षण करण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, गांवच्या साऱ्याच्या कागदांवरून रयतेचा इतिहास लिहूं इच्छिणाऱ्या कोणाही अभ्यासकापुढें हा ग्रंथ आज ना उद्यां येतोच, आणि तो नमुना म्हणून येतो. नमुन्याचे गुण घ्यावयाचे तर त्याचे दोषही नीट पाहून ठेविले पाहिजेत. आमच्या मतें या ग्रंथाचा मुख्य दोष एकच आहे, व इतर दोष त्यांतूनच उद्भवले आहेत. ग्रंथकारानें प्रदेश पाहिला, शेती पाहिली, शेतकरी पाहिला. परंतु ज्या राज्यकारभारानें त्याच्या हातीं कागद दिला, त्या कारभाराकडे त्यानें पुरेशा बारकाईनें पाहिलें नाहीं. या विधानाचें समर्थन करण्यापूर्वीं प्रथम त्या प्रदेशाची व त्या कागदाची ओळख करून देणें अवश्य आहे.

लांगदॉक हा फ्रान्सच्या दक्षिणेकडील जुना प्रांत होय. पूर्वेस ऱ्होन नदी, दक्षिणेस भूमध्य समुद्र, उत्तरेस सेव्हेन पर्वताची रांग व पश्चिमेस गारॉन नदीचें खोरें, अशी त्याची ढोबळ चतुःसीमा सांगतां येईल. समुद्रकांठीं खाऱ्या पाण्याचीं तळीं. त्यांच्या आंत मैदान. मैदानाच्या वर चुनखडीची उजाड माळजमीन, तिला तेथें 'गारिग' म्हणतात. आणि त्याहीवर सेव्हेनचे डोंगर, असे या प्रांताच्या पूर्व भागाचे थर आहेत. डोंगरांत चेस्टनटचें फळ हेंच गरिबांचें मुख्य अन्न होतें. पलीकडील कोस नांवाच्या उंच व रुक्ष पठारांवर मेंढपाळीवर निर्वाह चाले, आणि मैदानांतील कळप उन्हाळ्यांत वर चढत व थंडीपूर्वीं खालीं उतरत. नोरूझच्या खिंडीपाशीं पाणी दुभंगतें. तेथून पूर्वेकडील ओघ भूमध्य समुद्रास व पश्चिमेकडील ओघ अटलांटिक महासागरास मिळतो. या खिंडीच्या पश्चिमेस लोरागेचा गव्हाळ मुलूख व तूलूझ शहर आहे. पूर्वेकडील भागास खालचा लांगदॉक व पश्चिमेकडील भागास वरचा लांगदॉक म्हणण्याचा प्रघात आहे.

येथील शेती भूमध्य समुद्राकांठच्या जातीची. गहूं, द्राक्ष व ऑलिव्ह हें तिचें त्रिकूट. उन्हाळा कोरडा जातो, व शरद्ऋतूंत पाऊस येतो तो पुष्कळदां धुवांधार येऊन उतारावरची माती वाहून नेतो. नांगर हलका, माती उकरणारा. तो ओढावयास खेंचर किंवा बैल. जमीन एक वर्ष पेरावी व एक वर्ष पड ठेवावी, असा सामान्य नियम होता. उत्तर फ्रान्सांतील तीन सालांची फेरपालट येथें रुजली नाहीं. हल्लीं या मैदानांत दृष्टि पोंचेल तेथवर द्राक्षमळे दिसतात. परंतु तें चित्र सोळाव्या शतकावर लादूं नये. तो विस्तार मुख्यतः एकोणिसाव्या शतकांतील आगगाडीनंतरचा आहे. त्यापाठोपाठ फिलॉक्सेरा या किडीनें मळ्यांचा विध्वंस केला, मळे नव्यानें लावले गेले, व १९०७ सालीं दारूचे भाव कोसळल्यामुळें बेझिए, नार्बोन इत्यादि शहरांत द्राक्षवाल्यांचा मोठा उठाव झाला. ग्रंथकाराच्या काळांतला लांगदॉक धान्याचा होता. द्राक्ष व ऑलिव्ह हे त्या धान्याचे जोडीदार होते, मालक नव्हते. ही गोष्ट ग्रंथकारानें उत्तम रीतीनें दाखविली आहे.

आतां राज्यकारभार. लांगदॉकला स्वतःची प्रांतसभा होती. तिच्यांत प्रांतांतील सर्व बिशप व आर्चबिशप, तितकेच सरदार, व शहरांचे प्रतिनिधि बसत. तिसऱ्या वर्गाचीं मतें पहिल्या दोन वर्गांच्या बेरजेइतकीं असत, व अध्यक्षपद नार्बोनच्या आर्चबिशपाकडे असे. राजा पैसा मागे, सभा तो मंजूर करी, मग त्याची वांटणी धर्मप्रांतांवर, धर्मप्रांतांतून गांवांवर, व गांवांत माणसामाणसांवर होई. तूलूझ येथें वरिष्ठ न्यायालय होतें, माँपेलिए येथें करविषयक न्यायालय होतें, व सतराव्या शतकापासून राजानें नेमिलेला अँतांदां हा अधिकारी प्रांताचा कारभार पाहूं लागला. १६८५ पासून १७१८ पर्यंत या पदावर असलेला बाव्हिल हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. १७९० सालीं राज्यक्रांतीनें हा प्रांत मोडून त्याचीं देपार्तमाँ केलीं, आणि २०१६ पासून त्याचा बहुतेक भाग 'ऑक्सितानी' या नव्या प्रांतांत मोडतो.

या कारभाराचें एक वैशिष्ट्य असें होतें कीं, येथें 'ताय' नांवाचा मुख्य कर माणसाच्या दर्जावर न बसतां जमिनीच्या दर्जावर बसे. उत्तरेकडे सरदार म्हटला कीं तो करमुक्त. लांगदॉकांत मात्र जमीनच मुळीं 'सरदारी' किंवा 'रयतावा' ठरलेली असे. सरदारी जमीन साध्या माणसानें विकत घेतली तरी ती सारामाफच राही; आणि रयतावा जमीन प्रत्यक्ष सरदारानें घेतली तरी तिच्यावर सारा द्यावाच लागे. अर्थात् जमिनीची नोंद नसेल तर कराची वांटणीच अशक्य. म्हणून गांवोगांव 'कोंपुआ' नांवाची नोंदवही करीत. गांवानें जाणते लोक नेमावे, त्यांनीं प्रत्येक शेत मोजावें, त्याच्या चतुःसीमा लिहाव्या, माती उत्तम, मध्यम किंवा कनिष्ठ हें ठरवावें, व त्यावरून प्रत्येक खातेदाराच्या नांवें एक आंकडा मांडावा. त्या आंकड्याच्या प्रमाणांत त्यानें सारा द्यावा. मोजणीचें माप बहुधा बियाण्यावरून ठरलेलें असे, म्हणजे एक सेतिए धान्य ज्या जागेंत पेरलें जाईल ती एक सेतेरे; व हें माप गांवोगांव निराळें. एकदां केलेली वही पुष्कळ वर्षें, केव्हां केव्हां शंभर वर्षेंही, चालू राही. मध्यंतरींच्या खरेदीविक्रीच्या व वांटण्यांच्या नोंदी निराळ्या वहींत करीत. गुरेंढोरें, व्यापार इत्यादि जंगम मिळकतीकरितांही कांहीं ठिकाणीं वेगळी वही असे.

ग्रंथकारानें या वह्यांचा जो उपयोग केला तो अपूर्व होय, हें प्रथमच मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. त्याच्या पूर्वीं मार्क ब्लॉक यांनीं १९३१ सालच्या आपल्या ग्रंथांत फ्रान्सच्या ग्रामीण इतिहासाचा आराखडा घालून दिला होता, व जमीनमोजणीच्या जुन्या नकाशांकडे व वह्यांकडे अभ्यासकांचें लक्ष वेधिलें होतें. ल रुआ लादुरी यानें एकेका गांवाच्या निरनिराळ्या काळांतील वह्या समोरासमोर ठेवून, अमक्या सालीं मोठीं खातीं किती, मध्यम किती, लहान किती, याची मोजदाद केली. बेझिए व नार्बोन यांच्या दरम्यानच्या लेस्पिन्यां या गांवाची कहाणी त्यानें अशा रीतीनें पिढ्यानुपिढ्या उलगडली आहे. वह्यांच्या जोडीला त्यानें देवालयांच्या शेतांवरील मजुरांच्या वेतनाचे हिशेब घेतले, चर्चला मिळणाऱ्या दशमांशाचे मक्ते घेतले, धान्याचे भाव घेतले, द्राक्षांच्या तोडणीच्या तारखा हवामानाच्या पुराव्याकरितां घेतल्या, आणि दस्तऐवजांवर सही करणारे किती व नुसतें चिन्ह काढणारे किती हें मोजून साक्षरतेचाही अंदाज बांधिला. आपण नव्या भांडवलशाहीचा उगम शोधण्याकरितां या वह्या उघडल्या, पण वह्यांनीं निराळीच गोष्ट सांगितल्यामुळें आपणांस आपला बेत बदलावा लागला, अशा अर्थाची कबुली त्यानें आरंभींच दिली आहे. पुराव्यापुढें नमणारा असा अभ्यासक आदरास पात्र आहे.

वह्यांनीं सांगितलेली ती गोष्ट थोडक्यांत अशी. १३४८ च्या महामारीनंतर व पुढील युद्धांमुळें लांगदॉक ओस पडला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस माणसें थोडीं, जमीन मुबलक, मजुरी चांगली व खातीं मोठीं, अशी स्थिति होती. सोळाव्या शतकांत लोकसंख्या झपाट्यानें वाढली. धान्याचें उत्पन्न मात्र त्या प्रमाणांत वाढलें नाहीं. खात्यांचे तुकडे पडत गेले, मजुरी उतरली, मजुराच्या ताटांतील मांस व चांगली भाकर गेली. खंड व नफा यांचीही त्या शतकांत विशेष भरभराट झाली नाहीं; सर्वच वांटेकरी दरिद्री झाले. सतराव्या शतकांत खंड, दशमांश, व्याज व राजाचे कर या सर्वांचा भार वाढला. १६७० ते १६८० च्या सुमारास उत्पन्न घसरूं लागलें, मग लोकसंख्या घसरली. तुकडे पडणें थांबून जमिनी पुनः थोड्या हातांत गोळा होऊं लागल्या. याप्रमाणें सुमारें सव्वादोनशें वर्षांत भरती येऊन ओहोटी लागली, व एक महाचक्र पुरें झालें. लोकसंख्या अन्नापेक्षां जलद वाढते, या माल्थसच्या सिद्धांताचें तें जणू उदाहरणच, असा ग्रंथकाराचा अभिप्राय आहे.

या मांडणीवर आमचा पहिला आक्षेप साधनाच्या स्वरूपाविषयीं आहे. कोंपुआ हा साऱ्याकरितां केलेला कागद. सारा कोणी द्यावा एवढेंच तो सांगतो. शेत कोण कसतो हें तो सांगत नाहीं. एखाद्या मालकाच्या नांवें दहा शेतें असून तीं दहा कुळांकडे अर्धेलीनें असूं शकतील. उलट दहा लहान खातेदारांचीं शेतें एकाच मक्तेदारानें खंडानें घेऊन एका औतानें वाहिलेलीं असूं शकतील. पहिल्या प्रकारांत वही मोठें खातें दाखवील व शिवारांत तुकडे असतील. दुसऱ्या प्रकारांत वहींत तुकडे असतील व शिवारांत मोठी शेती असेल. शिवाय वही एका गांवापुरती. माँपेलिएचा एखादा वकील किंवा न्यायाधीश पांच गांवांत जमीन बाळगून असला, तर तो पांच वह्यांत पांच मध्यम खातेदार म्हणून दिसतो. ज्याची जमीन नाहीं असा मजूर बहुधा दिसतच नाहीं. आणि सरदारी जमीन सारामाफ असल्यामुळें तिची नोंद साऱ्याच्या दृष्टीनें गौण. तेव्हां वहींतील खात्यांचे तुकडे म्हणजे शेतीचे तुकडे, हें समीकरण सिद्ध करावें लागतें, गृहीत धरतां येत नाहीं. परगांवच्या मालकांची अडचण ग्रंथकारास ठाऊक नव्हती असें नाहीं. खंडपट्ट्यांचाही त्यानें जागोजाग आधार घेतला आहे. परंतु खात्यांच्या आंकड्यांवरून सिद्धांताकडे जातांना तो ज्या वेगानें जातो, त्या वेगांत ही सावधगिरी मागें पडते.

या आक्षेपाचाच एक पोटभाग वारसाहक्काविषयीं आहे. माणसें वाढलीं म्हणजे जमिनीचे तुकडे आपोआप पडतात, असें वाचकाच्या मनावर ठसतें. परंतु लांगदॉक हा रोमन कायद्याचा मुलूख. तेथें बापास मृत्युपत्रानें एका मुलास मुख्य वारस नेमून इतरांस ठराविक अंश देऊन वाटेस लावण्याची मुभा होती. अशी मुभा असतांही तुकडे पडले असतील, तर बापांनीं ती मुभा वापरली नाहीं, किंवा धाकट्यांच्या अंशाकरितां जमीन विकावी लागली, किंवा कर्जापायीं ती गेली, यांपैकीं कोणतें तरी कारण असलें पाहिजे. प्रत्येक कारण निराळें, व प्रत्येकाचा जबाबदार निराळा. लोकसंख्येचा एकच आंकडा पुढें केला म्हणजे हे सर्व जबाबदार दृष्टीआड होतात.

दुसरा आक्षेप प्रदेशाच्या व्याप्तीविषयीं. ग्रंथाच्या नांवांत सबंध लांगदॉक आहे. प्रत्यक्ष पुरावा मुख्यतः खालच्या, म्हणजे भूमध्य समुद्राकडील लांगदॉकचा आहे. तूलूझकडील मुलुखाची घडण वेगळी. तेथें पंधराव्या-सोळाव्या शतकांत पास्तेल या निळा रंग देणाऱ्या वनस्पतीच्या व्यापारानें मोठीं घराणीं उदयास आलीं व पुढें तो व्यापार बसला. त्याच्या ऱ्हासास जीं कारणें झालीं त्यांत फ्रान्सांतील धर्मयुद्धांबरोबर हिंदुस्थानांतून जाणारी नीळ हेंही एक होतें, ही गोष्ट आपल्या वाचकांस लक्षांत ठेवण्याजोगी आहे. सतराव्या शतकांत लोरागेकडे मका पसरला. तो पड जमिनींत घेतां येई, त्यावर गरिबांचें पोट भरे व गहूं विक्रीस मोकळा होई. वरच्या भागाचा असा तपशीलवार अभ्यास जॉर्ज फ्रेश यानें १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मिळतो. पण त्याचा भर पुढील, म्हणजे अठराव्या शतकावर आहे. एका अर्ध्याचें चक्र हें सबंध प्रांताचें चक्र होय असें म्हणण्यापूर्वीं दोन्ही अर्धे ताडून पाहणें अवश्य होतें.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. ग्रंथांत राज्यसत्ता दिसते ती करांचें ओझें या एकाच रूपानें. तें ओझें किती होतें, केव्हां वाढलें, हें ग्रंथकारानें मोजलें आहे. परंतु तें ओझें कोणी ठरविलें, वाटेंत कोणाकोणाच्या हातांतून गेलें, व कोणाच्या पदरांत पडलें, हा विचार अपुरा आहे. वर सांगितलेल्या प्रांतसभेंत शहरवाले, बिशप व सरदार होते, शेतकरी नव्हता. १६३२ सालीं माँमोरांसी या सुभेदाराच्या बंडानंतर राजानें बेझिएच्या हुकुमानें सभेचे हक्क संकुचित केले, व १६४९ सालीं तो हुकूम मागें घेतला. या देवघेवींत राजा व प्रांतांतील वजनदार मंडळी यांचा सौदा कसा जमत गेला, हें विल्यम बीक या अमेरिकन अभ्यासकानें १९८५ सालच्या आपल्या ग्रंथांत करांच्या हिशेबांवरून दाखविलें आहे. त्याचें म्हणणें असें कीं, चौदाव्या लुईच्या वेळीं रयतेकडून वसूल झालेल्या पैशांतील लक्षणीय हिस्सा प्रांतांतीलच अधिकारी, सावकार व सरदार यांच्याकडे परत जाई. राजसत्ता बळकट झाली ती या मंडळीस चिरडून नव्हे, तर त्यांना वांटेकरी करून. हें खरें असेल, तर कर हा शेतीच्या बाहेरून आलेला अपघात राहत नाहीं. शेतकऱ्याकडून सारा घेणारा व त्याच्याकडून खंड घेणारा हे पुष्कळदां एकाच वर्गांतले होते.

याच दृष्टीनें १६६६ नंतरचीं वर्षें पाहावीं. त्या सालीं सेत बंदराची उभारणी सुरू झाली व पिएर-पोल रिके यानें दोन्ही समुद्र जोडणाऱ्या कालव्याचें काम हातीं घेतलें. १६८० सालीं तो मरण पावला, व पुढच्याच वर्षीं कालवा खुला झाला. त्याची लांबी सुमारें २४० किलोमीटर असून, नोरूझच्या खिंडींतून जाणाऱ्या या जलमार्गावरून लोरागेचा गहूं भूमध्य समुद्राकडे वाहूं लागला. त्याच सुमारास क्लेरमाँ-ल-एरोजवळ व्हिलनव्हेत येथील कापडाच्या कारखान्यास राजाश्रय मिळाला, व पूर्वेकडील तुर्की मुलुखांत जाणाऱ्या कापडास सभेकडून उत्तेजन मिळूं लागलें. म्हणजे ज्या दशकांत ग्रंथकारास खालच्या मैदानांत ओहोटी दिसते, त्याच दशकांत त्या मैदानाच्या बाजारपेठा बदलत होत्या, व बदलणारा हात कारभाराचा होता. वरून आलेला गहूं पाहून खालच्या भागांतील शेतकऱ्यानें गव्हाचा पेरा कमी केला असेल, तर गव्हाच्या दशमांशांतील घट ही सबंध शेतीची घट ठरत नाहीं. १७०९ च्या भयंकर हिंवाळ्यानें ऑलिव्हचीं झाडें मारलीं हें निर्विवाद. पण त्या पूर्वीच्या तीस वर्षांचा हिशेब केवळ निसर्ग व लोकसंख्या यांवर संपवितां येत नाहीं.

येथें मूळ प्रश्न उभा राहतो. दारिद्र्य कशानें आलें? माणसें फार झालीं म्हणून, कीं माणसांनीं पिकविलेलें दुसऱ्यांनीं नेलें म्हणून? रॉबर्ट ब्रेनर यानें १९७६ सालीं एका निबंधांत ग्रंथकाराच्या मतावर याच बाजूनें हल्ला केला. इंग्लंडांतही सोळाव्या शतकांत लोकसंख्या वाढली. मग तेथें मोठी भांडवली शेती कां उदयास आली, व फ्रान्सांत तुकडे कां पडले? त्याच्या मतें कारण लोकसंख्येंत नसून जमीनदार, कूळ व राज्य यांच्या परस्परसंबंधांत आहे. फ्रान्सांतील शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क पक्का झालेला होता; जमीनदाराऐवजीं राजसत्ता कराच्या रूपानें त्याला पिळूं लागली, व शेती सुधारण्यास शेष उरलें नाहीं. ग्रंथकारानें १९७८ सालीं उत्तर दिलें, व लहान शेतकरी हा नेहमींच मागासलेला नसतो, हा त्यांतील मुद्दा बिनतोड आहे. ब्रेनरचा सिद्धांतही सर्वस्वीं मान्य करण्यासारखा नाहीं. लांगदॉकच्या मातीचें व पावसाचें त्याला विस्मरण झालेलें दिसतें, आणि तें ग्रंथकारास कधींच झालें नाहीं. परंतु प्रश्न विचारण्याचा ब्रेनरचा हक्क मान्य केलाच पाहिजे. भुकेचें कारण लोकसंख्या ठरलें म्हणजे कोणीच दोषी राहत नाहीं. दशमांशाचा मक्तेदार, खंड वाढविणारा देवालयाचा कारभारी, प्रांतसभेंतील सरदार व राजाचा अँतांदां हे सर्व निर्दोष सुटतात. इतिहासकारानें न्यायाधीश होऊं नये हें खरें. पण आरोपीचें नांवच पटावरून पुसून टाकणें हाही एक प्रकारचा निवाडाच आहे.

शेतकऱ्यांच्या मनाविषयींचीं प्रकरणें ग्रंथांत सर्वांत वाचनीय व सर्वांत निसरडीं आहेत. १५८० सालच्या रोमां गांवच्या शिमग्यांतील रक्तपात, जो वस्तुतः शेजारच्या दोफिने प्रांतांतला आहे, डोंगरांतील चेटूक, १६७० सालचें व्हिव्हारे भागांतील रूरचें बंड, आणि १७०२ सालीं सेव्हेनच्या प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांनीं केलेला उठाव, यांचें वर्णन त्यानें मोठ्या सहानुभूतीनें केलें आहे. परंतु सेव्हेनच्या बंडखोरांच्या अंगांत येणें, भविष्य सांगणें इत्यादि प्रकारांची उपपत्ति तो आधुनिक मानसशास्त्रांतील विकृतींच्या परिभाषेनें लावूं लागतो, तेथें आमची वाट वेगळी होते. १६८५ सालीं राजानें त्यांचा धर्म बेकायदा ठरविला, देवळें पाडलीं, उपदेशक हद्दपार केले, घरांत शिपाई बसविले. उपदेशक नाहींसे झाल्यावर मुलें व बायका उपदेश करूं लागलीं, यांत विकृति शोधण्याची गरज नाहीं. कारभाराचे हुकूम वाचले तरी पुरे. येथेंही ज्या कोपऱ्यांत उत्तर होतें तोच कोपरा अंधारांत राहिला आहे.

इतके आक्षेप घेतल्यावर ग्रंथाची थोरवी कमी होते काय? आमच्या मतें होत नाहीं. राजे, तह व लढाया यांच्या खालीं दडलेला कुणबी यानें वर काढिला. त्याच्या ताटांत काय होतें, त्याच्या मजुरींत धान्य किती व रोकड किती, त्याला सही करतां येत होती कीं नाहीं, हें इतक्या बारकाईनें त्यापूर्वीं फार थोड्यांनीं सांगितलें होतें. चुकीचा सिद्धांत मांडूनही, ज्या सामग्रीनें तो सुधारतां येईल ती सामग्री वाचकाच्या हातीं देणारा ग्रंथ दुर्मिळच. म्हणूनच संक्षिप्त आवृत्तीवर न थांबतां मूळ दोन खंड पाहावे, अशी आमची अभ्यासकांस शिफारस आहे.

आतां आपल्या घरापुरतें दोन शब्द. पेशव्यांच्या दप्तरांत व गांवोगांवच्या पाटील-कुळकर्ण्यांच्या घरांत पाहणीचे, जमाबंदीचे व वसुलीचे कागद विपुल आहेत. ल रुआ लादुरी याच्या पद्धतीनें एकाच गांवाचे निरनिराळ्या सालांचे कागद ओळीनें मांडून पाहिले तर पुष्कळ हातीं लागेल, याविषयीं शंका नाहीं. मात्र त्याची चूक आपण करूं नये. कागद हातीं आला कीं प्रथम विचारावें : हा कोणाच्या हुकुमानें झाला, कोणत्या वसुलीकरितां झाला, लिहिणाऱ्याचा व मोजणाऱ्याचा त्यांत हितसंबंध काय, इनाम व सारामाफ जमीन त्यांत धरली आहे कीं सोडली आहे, आणि प्रत्यक्ष नांगर धरणाऱ्याचें नांव त्यांत आहे कीं नाहीं. या प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावर मग आंकडे मोजावे. लांगदॉकच्या शेतकऱ्यानें साऱ्याच्या वहींत आपलें नांव आपण लिहिलें नव्हतें. तें दुसऱ्यानें, दुसऱ्याच्या कामाकरितां लिहिलें होतें. आपल्याकडील कुळाचीही गोष्ट निराळी नाहीं. ही एक गोष्ट ध्यानीं ठेवून हा ग्रंथ वाचला, तर तो आपल्या अभ्यासकांस मोठा उपकारक होईल.